गावाचे घड्याळ गावात घडावे

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कितीतरी जुन्या घरांत, फडताळाच्या तळाशी किंवा देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात, एखादे बंद पडलेले खिशातील घड्याळ आजही सापडते. ते कोणा आजोबांनी मुंबईस गिरणीत वा रेल्वेत नोकरी करताना घेतलेले असते. साखळी तुटलेली, काच तडकलेली, किल्ली हरवलेली. परंतु आतील पांढरी तबकडी मात्र अजून स्वच्छ असते. ती तबकडी हातात घेतली की मुलांचे कुतूहल जागे होते. आकडे असे उभ्या रेघांचे का? खाली सहाच्या जागी आणखी एक छोटी तबकडी कशासाठी? मिनिटांच्या खुणा रेल्वेच्या रुळांसारख्या का? हे प्रश्न उत्तर देण्याजोगे आहेत, आणि त्यांचे उत्तम उत्तर म्हणजे त्या तबकडीवरून एक मोठे भिंतीवरचे घड्याळ मुलांच्या हातून घडविणे हे होय.

घड्याळ बाजारात अल्प किमतीत मिळते. मग ते घरी वा शाळेत कशाला करावयाचे, अशी शंका कोणीही घेईल. शंका रास्त आहे. येथे हेतू पैसे वाचविण्याचा नाही. आजची मुले वेळ पाहतात ती बहुधा मोबाइलच्या पडद्यावरील आकड्यांत. आकडे 'आता किती वाजले' एवढेच सांगतात. तबकडी त्याहून अधिक सांगते. किती वेळ गेला आणि किती उरला, हे ती डोळ्यांना दाखविते. वेळेला आकार देते. हा आकार ज्याला वाचता येत नाही, त्याला वेळेचा हिशेबही अर्धवटच कळतो. या दोन तालुक्यांत तर वेळेचा हिशेब हा केवळ शाळेतला विषय नाही. शेतीपंपाची वीज ज्या पाळीने मिळते ती पाळी, दूधसंकलनाची वेळ, एस.टी.ची शेवटची गाडी, आणि बिबट्याचा वावर असलेल्या भागात उसाच्या कडेने घरी परतण्याची वेळ, या सर्व गोष्टी जीवनाशी जोडलेल्या आहेत.

जुन्या तबकडीत काय असते

जुन्या खिशातील घड्याळाची तबकडी बहुधा तांब्याच्या पातळ पत्र्यावर पांढरे एनॅमल भाजून केलेली असे. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ती पिवळी पडत नाही. फार तर केसासारखी बारीक चीर जाते. तीवर रोमन आकडे असत. त्यांतील चारचा आकडा पुष्कळदा पुस्तकातल्याप्रमाणे न लिहिता चार उभ्या रेघांनी लिहिलेला आढळतो. त्यामुळे पहिल्या चार तासांत केवळ उभ्या रेघा, पुढील चारांत पाचाचे चिन्ह आणि शेवटच्या चारांत दहाचे चिन्ह येते; तबकडीचा तोल साधतो. कडेने दोन वर्तुळांच्या मध्ये साठ आडव्या खुणा असतात. याच त्या रुळांसारख्या मिनिटांच्या खुणा. खालच्या अंगास सेकंदांची छोटी तबकडी असते, आणि तिने जागा घेतल्यामुळे सहाचा आकडा अनेकदा गाळलेला असतो.

आतील यंत्राची गोष्टही मुलांना सांगावी. किल्ली दिली की पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना दात्यांच्या चाकांना ढकलते, आणि मागेपुढे झुलणारे एक चक्र त्या ढकलण्याला लय लावते. चक्राला जोडलेल्या नाजूक स्प्रिंगची युक्ती ख्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये प्रसिद्ध केली. लंबकाचे घड्याळही त्यानेच १६५६ मध्ये सिद्ध केले होते. बहुतेक जुन्या खिशातील घड्याळांत हे चक्र तासाला १८,००० ठोके देते. म्हणजे सेकंदाला पाच, आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. हा गुणाकार मुलांनीच करावा.

एक सावधगिरीची सूचना येथेच देणे आवश्यक आहे. घरातील जुने घड्याळ मोडून नवे करू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, मापे घ्यावीत, आणि ते जसेच्या तसे डब्यात ठेवावे. तसेच ज्या जुन्या घड्याळांचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगविलेले असत, त्या रंगात पूर्वी रेडियम वापरीत. अशा घड्याळाची काच उघडू नये आणि तो रंग तर मुळीच खरवडू नये. अंधारातली चमक नाहीशी झाली तरी त्यातील किरणोत्सर्ग संपत नाही.

साठीचे गणित आपल्याकडेही जुनेच

दिवसाचे साठ भाग करण्याची पद्धत आपल्या समाजास परकी नाही. अहोरात्राच्या साठ घटका आणि एक घटका २४ मिनिटांची. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातील पाण्यावर बारीक छिद्राचे घटिकापात्र सोडीत. पात्र भरून बुडाले की एक घटका झाली. साठ घटका गुणिले चोवीस मिनिटे म्हणजे १,४४० मिनिटे, हाच आजचा दिवस. फरक इतकाच की घटिकापात्रापाशी कोणीतरी बसून राहावे लागे. तबकडीने माणसाला त्या पहाऱ्यातून मोकळे केले.

आकड्यांच्या बाबतीत तर जुन्नरला मोठा वारसा आहे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी निगडित असलेला हा लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरला गेला, असे सामान्यतः मानतात. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांच्या संख्या त्यात अंकांनी लिहिल्या आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अतिशय जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला.

या अंकांत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहाला एक वेगळे चिन्ह, विसाला दुसरे, ऐंशीला तिसरे, शंभराला आणखी वेगळे. बारा लिहावयाचे तर दहाचे चिन्ह काढून त्यापुढे दोनचे चिन्ह काढावयाचे. रोमन पद्धतीत बारा लिहितात तेही याच रीतीने, दहापुढे दोन ठेवून. युरोपातून आलेल्या घड्याळाची तबकडी आणि जुन्नरच्या घाटातील शिलालेख यांची रीत अशी जुळते. यास्तव ज्या शाळेला प्रदर्शनासाठी वेगळी तबकडी करावयाची असेल, तिने नाणेघाटातील अंक वापरून पाहावेत. तेथे बाराच्या आतील सगळे अंक मिळत नाहीत. तीन, पाच आणि आठ यांची चिन्हे नाशिकच्या लेण्यांतील लेखांवरून घेता येतात. अशी तबकडी भिंतीवर लागली की तिच्याखाली उभा राहणारा प्रत्येक जण नाणेघाटाविषयी विचारल्याशिवाय राहणार नाही.

कागद जुन्नरचा

तबकडी कशावर काढावी, याचे उत्तरही येथील इतिहासातच आहे. जुन्नर हे एके काळी हातकागदाचे नामांकित केंद्र होते. मराठेशाहीच्या दप्तरांत 'जुन्नरी' कागद ओळखला जाई. येथील कागदी कुटुंबे चिंध्या व ताग कुटून लगदा करीत, साच्यावर पत्रा उचलीत, सुकवून त्यास खळ लावीत आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्यावर चमक आणीत. खळ लावून घोटलेल्या कागदावर टाकाची शाई पसरत नाही. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा व्यवसाय मागे पडत गेला. पुढे ग्रामोद्योगाच्या चळवळीत हातकागदाला पुन्हा चालना देण्याचे प्रयत्न झाले. पुण्यात १९४० मध्ये त्यासाठी संस्थाही सुरू झाली.

हातकागद आजही मिळतो. तो न मिळाल्यास शाळेतच रद्दी भिजवून, कुटून, जाळीच्या चौकटीवर पत्रा उचलता येतो. पहिले पाच-सात पत्रे बिघडतील. त्याची चिंता करू नये. जाड व सारखा जमलेला पत्रा निवडावा, तांदळाची पातळ खळ दोन्ही अंगांस लावावी, सावलीत वाळवावा आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटावा. घोटण्यापूर्वी व घोटल्यानंतर शाईची एकेक रेघ ओढून पाहावी. कागदी कारागिरांच्या कौशल्याची किंमत मुलांना त्या दोन रेघांत कळेल.

तबकडीची आखणी

आता प्रत्यक्ष कृती. खिशातील घड्याळाची तबकडी सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाची असते. ती सात पट मोठी केली की २८ सेंटिमीटर व्यासाची होते. त्याभोवती एकेक सेंटिमीटर कड सोडल्यास ३० सेंटिमीटर व्यासाची फळी पुरते. यासाठी ६ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे.

कागदावर मध्यबिंदू घेऊन १४ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कर्कटकाचे माप न बदलता परिघावर एकापुढे एक खुणा कराव्यात. बरोबर सहा खुणा होऊन सातवी पहिलीवर येते. त्रिज्या आणि षट्कोनाची बाजू सारखी असते, हे भूमितीतील विधान मुलांना येथे हाताने पटते. प्रत्येक भाग दुभागला की बारा तास होतात; प्रत्येक तासाचे पाच भाग केले की साठ मिनिटे. तासाचा कोन ३० अंश, मिनिटाचा ६ अंश. परीघ २२/७ च्या हिशेबाने ८८ सेंटिमीटर येतो. म्हणजे दोन मिनिटांच्या खुणांत साधारण दीड सेंटिमीटरला किंचित कमी अंतर. आतून साडेतेरा सेंटिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढून त्या दोहोंमध्ये साठ खुणा केल्या की जुन्या तबकडीची कड तयार झाली. दर पाचवी खूण ठळक करावी.

आकड्यांसाठी साडेदहा ते तेरा सेंटिमीटर त्रिज्येमधील पट्टा ठेवावा. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. जुन्या तबकडीत रोमन आकडे मध्याकडे पाय करून लिहिलेले असतात. त्यामुळे खालच्या बाजूचे आकडे उलटे दिसतात. रोमन आकड्यांत ते खपते, कारण डोळ्याला त्यांची सवय झालेली आहे. देवनागरी आकडे मात्र तसे लिहू नयेत. '६' उलटा केला की तो थेट '३' सारखा दिसू लागतो, आणि घड्याळात दोन तीन असल्याचा भास होतो. म्हणून चावडीच्या किंवा शाळेच्या घड्याळात देवनागरी आकडे सरळ उभेच लिहावेत.

सेकंदांच्या छोट्या तबकडीसाठी मध्यबिंदूपासून खाली ७ सेंटिमीटरवर दुसरा मध्य घ्यावा आणि साडेतीन सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. ते बरोबर आकड्यांच्या पट्ट्यापाशी संपते. त्यामुळे जुन्या कारागिरांप्रमाणे सहाचा आकडा गाळावा लागत नाही.

मशीन, काटे आणि चौकट

तालुक्याच्या बाजारपेठेत घड्याळाचे सेलवर चालणारे मशीन सुटे मिळते. त्यात क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या निम्मी, पुन्हा निम्मी, अशी पंधरा वेळा केली की उरतो एक. हाच तो सेकंदाचा एक ठोका. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे पंधरा भागाकार अवश्य करवून घ्यावेत. २ चा पंधरावा घात म्हणजे काय, ते मग शिकवावे लागत नाही.

मशीन घेताना त्याच्या आट्याच्या दांडीची लांबी पाहावी. सहा मिलिमीटरची फळी, कागद, वायसर आणि नट एवढ्यांतून ती बाहेर यावयास हवी. दहा-बारा मिलिमीटरची दांडी पुरते. अनेक घड्याळे फसतात ती याच ठिकाणी. फळीला मध्यभागी दांडीच्या मापाचे, बहुधा ८ मिलिमीटरचे, भोक पाडावे.

छोट्या तबकडीचा सेकंद-काटा केवळ चित्रापुरता काढणे योग्य नाही. घड्याळाच्या तोंडावर न चालणारा काटा म्हणजे खोटेपणाच होय. त्याऐवजी दुसरे मशीन घ्यावे आणि त्याला फक्त सेकंद-काटा बसवावा. मशीनची पेटी साधारण साडेपाच सेंटिमीटर चौरस असते आणि दोन मध्यांतील अंतर सात सेंटिमीटर आहे. त्यामुळे दोन्ही फळीमागे शेजारी शेजारी बसतात. मोठ्या मशीनला तास व मिनिट हे दोनच काटे ठेवून वर टोपी-नट लावावा. दोन्ही मशीन एकाच वेळी लावून सुरू केली तरी ती परस्परांस जोडलेली नसतात, हे मात्र मुलांना स्पष्ट सांगावे.

काटे लाकडाचे करू नयेत. या मशीनची ताकद थोडी असते; जड काटा नवापासून बारापर्यंत चढताना अडतो आणि घड्याळ मागे पडते. तयार काट्यांचे मधले छिद्राचे तुकडे ठेवून त्यांवर पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे काटे चिकटवावेत आणि मागच्या बाजूस छोटी शेपटी ठेवावी, म्हणजे तोल राहतो. जुन्या घड्याळांचे काटे तापवून निळे केलेल्या पोलादाचे असत. त्या आठवणीखातर ते गडद निळ्या रंगाने रंगवावेत. मिनिट-काट्याचे टोक मिनिटांच्या खुणांपर्यंत आणि तास-काट्याचे टोक आकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोचावे, हा जुन्या कारागिरांचा नियम वाचनास फार सोयीचा आहे.

चौकटीसाठी बांबूची कामटी उत्तम. तीस सेंटिमीटर व्यासाच्या फळीचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर होतो. एक मीटरची कामटी पाण्यात भिजवून वळविली की टोके एकमेकांवर चढवून बांधता येतात. पश्चिम भागातील गावांतून बांबूकामाचे जाणकार अजून आहेत. त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. बाराच्या वर जुन्या घड्याळाच्या किल्लीसारखा लाकडी गोंडा व त्यात तारेची कडी बसवावी. घड्याळ त्याच कडीने खिळ्यावर टांगता येते. भीमाशंकरच्या बाजूस पावसाळा जबर असतो, म्हणून फळीस मागूनही वॉर्निश द्यावे आणि कागदावर त्याचा पातळ हात फिरवावा. अन्यथा आषाढात तबकडी फुगते. संपलेला सेल आत ठेवू नये. तो पाझरून मशीन खराब करतो.

घड्याळ लावावयाचे कोणत्या वेळेवर?

घड्याळ तयार झाले की ते लावावे लागते. आणि येथेच खरा धडा आहे. भारताची प्रमाणवेळ पूर्व रेखांश साडेब्याऐंशी अंशांवरील वेळेनुसार धरलेली आहे. ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वी गावोगावची वेळ निरनिराळी असे, आणि रेल्वे मद्रासची वेळ पाळी. मुंबईने तर आपली स्थानिक वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली, पुढे अनेक वर्षे सोडली नाही.

जुन्नर सुमारे ७३ अंश ५३ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे जुन्नरची सूर्यावरून येणारी सरासरी वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे साडेचौतीस मिनिटे मागे असते. घोडेगाव व मंचर येथे हा फरक जवळजवळ तेवढाच आहे. याचा अर्थ, घड्याळात बारा वाजतात तेव्हा येथे खरा मध्यान्ह झालेला नसतो. तो वर्षभरातही स्थिर नसतो. फेब्रुवारीच्या अखेरीस तो १२ वाजून ४६-४७ मिनिटांच्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास येतो.

हे मुलांनी पुस्तकातून घेण्याऐवजी अंगणातून घ्यावे. सपाट जागी ओळंब्याने सरळ काठी रोवावी आणि तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळावर जेथे आत शिरते तेथे एक खूण, दुपारनंतर ते जेथून बाहेर पडते तेथे दुसरी खूण. दोहोंमधील कोनाचा दुभाजक म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. आपल्या प्राचीन ज्योतिष्यांची ही शंकूची रीत आहे. दुसऱ्या दिवशी सावली त्या रेषेवर आली की नव्या घड्याळाकडे पाहावे. घड्याळ आणि सूर्य यांत जो फरक दिसेल, तो घड्याळाचा दोष नव्हे, हे समजणे म्हणजेच रेखांश समजणे होय.

त्यानंतर महिनाभर, ठरलेल्या एका वेळी, सेकंद-काट्याची तुलना मोबाइलवरील वेळेशी करून वहीत नोंद ठेवावी. साधे क्वार्ट्झ मशीन महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपर्यंत पुढे-मागे जाते. आपल्याच हाताने केलेल्या वस्तूची चूक मोजणे आणि ती प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, ही विज्ञानाची पहिली पायरी आहे.

खोडदची घड्याळे

ही पायरी कोठवर नेते, ते पाहण्यास लांब जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यातच नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या तीसही तबकड्यांकडून येणाऱ्या लहरी एकत्र जुळवावयाच्या, तर सेकंदाच्या अब्जांश भागाच्या पातळीवर वेळेचा हिशेब ठेवावा लागतो. एका अब्जांश सेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे शाळेतील या घड्याळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

या दुर्बिणीतून शास्त्रज्ञ स्पंदक ताऱ्यांची नोंद घेतात. हे तारे स्वतःभोवती इतक्या नियमाने फिरतात की त्यांना आकाशातील घड्याळेच म्हणावे. त्यांच्या ठोक्यांतील अतिसूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून विश्वात पसरलेल्या मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्या जागतिक प्रयत्नात खोडदच्या दुर्बिणीचा वाटा होता. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडद येथे शाळा-महाविद्यालयांचे विज्ञान प्रदर्शन भरते. तेथे मांडण्यास हे घड्याळ, सोबत सावलीच्या नोंदींची वही आणि नाणेघाटातील अंकांचा तक्ता, यांपेक्षा अधिक स्थानिक आणि अधिक वैज्ञानिक वस्तू क्वचितच सापडेल.

शाळेने व पंचायतीने काय करावे

हाताने काम करीत शिकण्याचा आग्रह नवीन नाही. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथे नयी तालीमची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची तरतूद आहे. हे घड्याळ त्या दहा दिवसांत बसते. दोन दिवस कागद, दोन दिवस आखणी, दोन दिवस आकडे व काटे, दोन दिवस फळी व चौकट, आणि उरलेले दोन दिवस सावली व जुळणी. घोडेगाव प्रकल्पातील आश्रमशाळांत, जेथे मुले वसतिगृहात राहतात, तेथे हे काम अधिक सलगपणे होऊ शकेल. करवत व छिद्र पाडण्याचे काम मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

पंचायतीने अशा घड्याळांना जागा द्यावी. चावडी, अंगणवाडी, दूधसंकलन केंद्र, आरोग्य उपकेंद्र आणि एस.टी.चा थांबा येथे ती लावता येतील. फळीच्या कडेस रंगीत कागदाची पट्टी टाचणीने लावून त्या आठवड्याची विजेची पाळी दाखविता येईल. समजा पाळी रात्री दहा ते सकाळी सहा आहे. आठ तासांची ही पट्टी बारा तासांच्या वर्तुळाचा दोन-तृतीयांश भाग व्यापते. शेतकरी जागरण किती आहे ते एका दृष्टिक्षेपात पाहील, आणि दिवसा वीज मिळण्याची मागणी इतक्या जोराने का होते, हे अधिकाऱ्यांनाही त्याच दृष्टिक्षेपात कळेल. दिवसा वीजपुरवठा व्हावा म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना राज्याने २०१७ मध्ये हाती घेतली. ती ज्या गावी पोचेल, त्या गावाच्या घड्याळावरील पट्टी सूर्याच्या तासांकडे सरकलेली दिसेल. गावाच्या विकासाची इतकी साधी आणि सर्वांना वाचता येणारी नोंद दुसरी कोणती असेल?

अखेरीस एक गोष्ट. विकत आणलेले घड्याळ बंद पडले की ते बंदच राहते. सेल कोणी बदलावा, हे ठरलेले नसते. कित्येक सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर असे थांबलेले काटे दिसतात. मुलांनी केलेले घड्याळ थांबले तर त्याचा सेल कोठे आहे, काटा का अडला, हे गावातील दहा-वीस मुलांना ठाऊक असते. आणि ती मुले ते थांबू देत नाहीत. तथापि त्यासोबत एक बंधनही येते. ज्या चावडीवर मुलांच्या हातचे घड्याळ टांगलेले आहे, तेथील ग्रामसभा अकराची असेल तर ती अकरालाच सुरू व्हावी लागेल. तेथे येणारा अधिकारी, शिक्षक व सदस्य जेव्हा उंबरठा ओलांडील, तेव्हा ती पांढरी तबकडी त्याच्याकडे पाहत असेल, आणि दारातील मुलांना ती वाचता येत असेल.